छापील नाकावरचा डाग

डौलगडच्या महाराजांच्या नाकावर काळा डाग पडला. खऱ्या नाकावर नव्हे, छापलेल्या. प्रत्येक फर्मानाच्या डोक्यावर महाराजांचं चित्र असे, आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर दरबारचा लेझर प्रिंटर नेमका नाकावर ठिपका देऊ लागला. खाली मजकुरातही दोन ठिपके पडत, पण फर्मानातला मजकूर वाचतो कोण?

"प्रिंटर म्हातारा झाला, महाराज," प्रधान त्र्यंबकपंत हळहळले. प्रिंटर एक वर्षाचा होता. "नवा घ्यावा. आमचे मेहुणे गुंडोपंत योगायोगाने एक घेऊनच आलेत. आणि राज्यातले सगळे जुने प्रिंटर खंदकात टाकावेत. जुन्या वस्तूंनी राज्याची शोभा जाते."

पंतांना नुकतंच सत्तरावं लागलं होतं.

फर्मान निघालं, नाकावरच्या डागासकट. ते वाचून तांबट आळीतली गजरा तडक दरबारात आली. तिच्या घरात अकरा जुने प्रिंटर होते. लोकांनी टाकून दिलेले आणून ती घरीच दुरुस्त करी, आणि गावच्या लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यांवर छापून पोट भरी. ते खंदकात गेले, तर मागोमाग तिची चूलही जाणार होती.

"महाराज, प्रिंटर बरा होईल. खंदक पाण्यासाठीच राहू द्या."

महाराज हट्टी. फर्मानाला हरकत घेतलेली त्यांना खपत नसे. "असं? मग प्रिंटर न उघडता, हातसुद्धा न लावता सांग, आतला कुठला भाग बिघडलाय. माझा विडा चघळून होईपर्यंत वेळ. चुकलीस, तर पहिले तुझे अकरा खंदकात!"

विडा तोंडात गेला. पंत गालात हसले.

गजराने प्रिंटरकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने डागाळलेलं फर्मान उचललं, कनवटीचा दोरा काढला आणि नाकावरच्या ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत ताणून तोडला. मग तोच दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत धरला. बरोबर भरला. तेव्हा तिने पिशवीतून मोडक्या प्रिंटरांचे रूळ काढून ओळीने मांडले.

"हा कचरा दरबारात?" गुंडोपंतांनी नाक मुरडलं.

"कचराच आहे. आज साक्षीला आलाय," गजरा म्हणाली. "महाराज, प्रिंटरच्या पोटात असे रूळ गोल फिरतात. एखाद्यावर घाण बसली, की दर फेरीला ती कागदावर उमटते. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे त्या रुळाची एक फेरी."

तिने दोरा पहिल्या रुळाला गुंडाळला. उरला. दुसऱ्याला पुरला नाही. तिसऱ्याला टोकाला टोक भिडलं.

"हा बघा, ड्रम. तुमच्याही ड्रमवरच काहीतरी चिकटलंय."

प्रिंटर उघडला. ड्रमवर डिंकाचा वाळका थेंब! गजराने तो मऊ ओल्या फडक्याने हलकेच पुसून काढला. पुढच्या फर्मानावर महाराजांचं नाक लख्ख उमटलं. विडा अजून संपायचा होता.

"एवढ्याने काय होतंय?" पंत घाईने म्हणाले. "दरसाल काहीतरी मोडतंच. गेल्या दसऱ्याला कागद अडकला. त्याआधीच्या दसऱ्याला आतली शाईची पूड सांडली. त्याच्याआधीच्या दसऱ्याला..."

पंत थांबले, पण जरा उशिराच.

गजराने दोरा पुन्हा उचलला. "दसरा ते दसरा. अंतर सारखंच आहे, महाराज. वर्षाला एक फेरी मारणारं कोणीतरी आहे इथे."

सगळा दरबार गुंडोपंतांकडे वळला. दरवर्षी दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून ते येत, आणि मुक्काम करत प्रिंटरशेजारच्या खोलीत. येताना योगायोगाने एक नवा प्रिंटर असेच.

महाराजांनी पंतांच्या मेहुण्यांना नीट न्याहाळलं. "अगं, अशा भागाचं करतात काय?"

"आधी पुसून बघतात, महाराज. डाग निघाला तर ठेवतात. नाही निघाला तर भाग बदलतात."

महाराज इतके हसले, की विड्याची पिंक उडाली ती थेट छापील नाकावर!

फर्मान रद्द झालं. दरबारच्या प्रिंटरची देखभाल गजराकडे आली, आणि अडगळीतले तीन 'म्हातारे' प्रिंटर तिला बक्षीस मिळाले. ते डोक्यावरून तिच्या घरी पोचवायचं काम गुंडोपंतांवर सोपवलं, एका वेळी एक. त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि दर फेरीला तांबट आळीच्या त्याच वळणावर बसून दम खाल्ला.