तिसरी गोणी

शूर्पारक बंदरावर सुदंत राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मले होते. तक्षशिलेत गणित शिकून ते परतले आणि वडिलांच्या पश्चात वेणुदत्त नावाच्या भागीदारासह बैलांचा तांडा घाटावर नेऊ लागले.

बैलाच्या दोन अंगांना दोन गोण्या, ही जुनी रीत. एका वर्षी वेणुदत्ताने पाठीवर लहानशी तिसरी गोणी टाकली. त्याच वर्षी बोधिसत्त्वांनी बैलांची पेंड वाढवली. नफा पुष्कळ झाला.

"पाहिलंस गोणीची करामत?" वेणुदत्त म्हणाला. "आता गोणी मोठी करू आणि पेंड बंद!"

"दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीलाच देतोस," बोधिसत्त्व उत्साहाने म्हणाले. "एक हलवायची, बाकी सारं जागच्या जागी ठेवायचं. तेव्हाच तिचा वाटा दिसतो."

पुढच्या हंगामात त्यांनी तांड्याचे दोन भाग केले. अर्ध्या बैलांना तिसरी गोणी, पण पेंड पहिल्याइतकीच. उरलेल्यांना वाढीव पेंड, पण गोण्या दोनच. वाट तीच, बाजार तोच. बोधिसत्त्व स्वतः दोन्ही भागांबरोबर घाट चढले. हंगाम सरत आला तेव्हा त्यांच्या टाचा फुटल्या होत्या, आणि गणिताचा तो उत्साहही कुठेतरी चढावरच गळून पडला होता.

शेवटच्या खेपेआधी, घाटाच्या पायथ्याशी, वेणुदत्ताने विचारले, "बोला पंडित. नफा कशानं वाढला?"

"पेंडीनं. त्या बैलांनी खेपा जास्त केल्या."

"आणि गोणीनं घटला?"

बोधिसत्त्वांनी तिसऱ्या गोणीखाली वाकलेल्या बैलांकडे पाहिले. नुसते 'हो' म्हटले असते तर सगळ्या पाठी मोकळ्या झाल्या असत्या. वेणुदत्ताने त्यांचा शब्द कधी पडताळून पाहिला नव्हता.

"नाही," ते अखेर म्हणाले. "गोणीनंही वाढला. थोडा, पण वाढला."

वेणुदत्त खदखदून हसला. "मग दोन्ही करू की! एवढं शिकून हे सुचलं नाही?"

तेवढ्यात चितळा नावाचा बैल तिसऱ्या गोणीसकट खाली बसला. कण्यावरची कातडी सोलवटली होती.

"धनी, हा काही आता उठायचा नाही," हाकणारा रेवत म्हणाला.

बोधिसत्त्वांनी गुडघे टेकून गोणीची दोरी सोडली. "गोणी वाढवली तर नफा किती वाढेल, एवढंच गणित सांगतं. वाढवावी का, हे आपण ठरवायचं. वेणुदत्ता, सगळ्या तिसऱ्या गोण्या उतरव. त्यांचा बुडणारा नफा माझ्या वाट्यातून कापून घे."

"दर हंगामाला?"

"दर हंगामाला."

"अक्कल तक्षशिलेलाच विसरून आलास वाटतं!" असे म्हणत वेणुदत्ताने ती गोणी ओढून बाजूला घेतली. त्याच्या तळव्याला मीठ लागले. चितळ्याने मान लांब केली आणि तो तळवा चाटू लागला. वेणुदत्ताने हात मागे घेतला नाही. मग पुटपुटत तो पुढच्या बैलाची दोरी सोडू लागला.

"निम्मं माझ्या वाट्यातून काप," तो मागे न पाहता म्हणाला.

विहारात जमलेल्यांना ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ता थांबले. मग म्हणाले, "तेव्हाचा वेणुदत्त म्हणजे आज इथे भिंतीला टेकून पेंगणारा हा भिक्षू. दाराशी गुडघे चोळत बसलेली वृद्ध उपासिका म्हणजे चितळा. आणि तो थकलेला व्यापारी मीच होतो. लाभ आहे हे न लपवता, तो करुणेपोटी सोडून देणे, याला त्याग म्हणतात."