नंदीबैलाची सुट्टी

शके अठराशे बावन्न, माघातली थंडी. फुलाजी नंदीवाल्याच्या बैलाने चाकरी सोडली. मालकाचे ढोलके गुबुगुबू वाजले की मान डोलवायची, हेच काम त्याने अर्धे आयुष्य केले. पुढचे ठरले नव्हते. वर्षभर नदीकाठी पडून राहायचे, एवढेच ठरले होते. निघताना मालकाने कडब्याची एक पेंढी दिली.

सकाळीच शेळी आली. "मामा, माझी करडं सांभाळता ना?" बैलाची मान डोलली. करडे त्याच्या पाठीवर नाचू लागली.

मग रेडा आला. "दादा, ही पेंढी मी नेऊ ना?" मान डोलली. "अन् उद्यापासून विहिरीवर माझ्या जागी तुम्ही मोट ओढाल?" मान पुन्हा डोलली.

संध्याकाळी बैल उपाशी बसला. शेजारची गाय म्हणाली, "अरे, आता गुबुगुबू वाजत नाही. मग कुणासाठी डोलतोस? उद्या मोटेला जुंपला गेलास की सुट्टी संपली तुझी."

उजाडताच रेडा हजर. "चला दादा, मोट खोळंबली."

बैलाने दात आवळून मान आडवी हलवली.

"माशी बसली का?" रेड्याने विचारले.

"माशी नाही. मी येणार नाही. अन् माझी पेंढी आण."

रेडा मागे वळला. मग त्याने पेंढी आणून दिली.