सगुणेचा पानांच्या रंगाचा परकर

घाटातून अजून गाडीवाटही गेली नव्हती, त्या काळी शिरघोळ गावात येमाजी नावाचा शिंपी राहत होता. माप घ्यायच्या आधी तो गिऱ्हाइकाला अंगणात चार फेऱ्या चालायला लावी.

ही रीत तो रानात शिकला, असं म्हणतात. पाणवठ्यावरच्या जांभळीवर तो दिवस दिवस बसून राही. शिंगं गळाली म्हणून सांबर तोंड लपवत नाही, पिसारा झडला तरी मोर डौल सोडत नाही, हे त्याने तिथे पाहिलं. मग तो सांगे, “दुसऱ्याचं कातडं पांघरू नका. आपल्या चालीला शोभेल तेच घाला.”

“मग माझी चाल कुठल्या जनावराची रे?” गावची सुईण धोंडाई कमरेवर हात ठेवून विचारी.

“गवा.”

“मेल्या, कापड पुरेल का बघ आधी!”

पण त्याने शिवलेली चोळी घालून धोंडाई निघाली की माणसं आपोआप वाट देत, असं म्हणतात.

येमाजीला एकच मुलगी, सगुणा. तिची आई लवकर गेली होती. सगुणा हिरडे वेचायला रानात एकटी जाई, आणि एका साली रानात वाघ आला. येमाजीचा जीव थाऱ्यावर राहिना. लेकीची चाल त्याला ठाऊक होती. हलकी, थांबत थांबत जाणारी, भेकराची. त्याने ऐनाच्या सालीत कापड सात वेळा उकळलं, वाळल्या पानांचा रंग आणला आणि परकर-चोळी शिवली.

“बाबा, यात मी कुणाला दिसायचीच नाही.”

“भेकर तसंच जगतं, बाय.”

वाघ तिच्या समोरून गेला, पण त्याने मान वळवली नाही. भेकरं तिला आपल्यातली समजून शेजारी चरत. महिनाभर येमाजी स्वस्थ झोपला.

मग शिमग्याची शिकार आली. जनावरं उठवणारे हाकारे पलीकडच्या डोंगरावर गेले, म्हणून सगुणा अलीकडच्या रानात गेली. दुपारी शिकार अलीकडे वळली. वाळल्या पानांत काही हललं आणि बंदुकीचा बार झाला. तो कुणाचा, हे गावाने आजवर सांगितलेलं नाही.

येमाजीनेही विचारलं नाही. लेकीला उचलताना तो एवढंच म्हणाला, “फार चांगलं शिवलं मी.”

त्यानंतर त्याने सुई हातात धरली नाही. रोज रानाच्या कडेला उभा राहून तो हाक मारी, “सगुणे, दिस गं.” बारा वर्षांत तो झिजत झिजत झाडापानांत दिसेनासा झाला. हाक मात्र पुढेही कित्येक दिवस येत राहिली, असं म्हणतात.

शिरघोळात आजही नवं कापड अंगावर चढलं की त्या माणसाला रानाच्या कडेला उभं करतात. घरातलं कुणीतरी लांब जातं, वळतं आणि ओरडून सांगतं, “दिसतेस गं!” किंवा “दिसतोस रे!” तोवर कुणी रानात पाऊल टाकत नाही. याला येमाजीची हाक म्हणतात.

पण त्याआधी सगळे रानाकडे तोंड करतात आणि सगुणेला एकदा हाक मारतात. ओ येत नाही. येणार नाही, हे लहान पोरांनाही माहीत असतं. तरी गाव थोडा वेळ थांबतं.