झालरफुलाचे तीन हिवाळे

एका राज्यात, जिथे निम्मे वर्ष बर्फ आणि निम्मे वर्ष कडक ऊन, धवलकेतू नावाचा राजा होता. रथासाठी रुंद रस्ता हवा म्हणून त्याने एका मांत्रिकाचे झालरफुलाचे झुडूप उपटून टाकले. झालरफूल म्हणजे मधोमध मोहरीएवढ्या कळ्यांची थाळी आणि कडेने निळ्या फुलांची झालर. मांत्रिक आला, एक शब्द बोलला, आणि आठ वर्षांची राजकन्या इंदुलेखा अंगणात उभ्या जागी दगड झाली.

मग त्याने राजाच्या हाती उपटलेल्या झुडपाची एक काडी ठेवली.

"ही तुझ्या हाताने वाढव. फुलेल त्या दिवशी मुलगी उठेल. दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर कधीच नाही."

राजाने मुकुट उतरवला, कुदळ घेतली. मुलीसमोरच, मोकळ्या उन्हात, काडी लावली. मूळ धरले, पाने फुटली, आणि ग्रीष्माच्या दुपारींनी ती कागदासारखी करपवली.

त्याने झुडूप अंगणाच्या भिंतीच्या पूर्वेला, दुपारच्या सावलीत हलवले. रोज पाणी घातले. पानगळ झाली, काड्या वाळक्या दिसू लागल्या, तेव्हा त्या निगुतीने छाटल्या. वसंतात पाने भरगच्च आली. फूल एकही नाही.

पुढच्या हिवाळ्यात छाटण्याचेही त्राण त्याला उरले नाही. म्हणूनच की काय, वसंतात काड्यांच्या टोकांवर कळ्या धरल्या. राणी सुनेत्रा त्या पाहायला आली. ती रोज मुलीच्या दगडी चेहऱ्यावरचा बर्फ पदराने पुसत असे. दोनच दिवसांनी उशिराचे हिव पडले आणि कळ्या काळ्या पडल्या.

राणीने अंथरूण धरले.

"महाराज, मी थकले. तिचा चेहरा आता तुम्ही पुसत जा."

एवढे बोलून तिने प्राण सोडला.

राजाने कुदळ उचलली, झुडूप खणून काढायला. इतक्यात एक साळुंकी दगडी खांद्यावर बसली आणि बोलली, "राजन, मूळ जिवंत आहे."

"असू दे. माझ्यात काही जिवंत नाही."

"वाळकी दिसते तीच काडी पुढच्या वर्षीचे फूल पोटात धरते. तिला छाटू नकोस. थंडीत उघडी ठेवू नकोस."

"मग फुलेल?"

"ते मला ठाऊक नाही." साळुंकी उडून गेली.

राजाने कुदळ खाली ठेवली. आशेने नव्हे, दुसरे करण्यासारखे काही नव्हते म्हणून. त्याने झुडपाभोवती बांबूचा कूड घातला, आत वाळका पाला काठोकाठ भरला. तिसरा हिवाळा तो कुणाशी बोलला नाही. मुलीचा चेहरा तेवढा पुसत राहिला. शेवटचे हिव सरल्यावर त्याने पाला हाताने उपसला. कळ्या हिरव्या होत्या. त्याला आनंद झाला नाही. त्या काळ्या पडण्याचीच तो वाट पाहत बसला.

एका सकाळी कडेचे एक फूल उघडले, निळे. मग दुसरे. दुपारपर्यंत झालर पुरी झाली. दगड तडकला आणि इंदुलेखा डोळे चोळत पुढे आली.

"तात, तुमचे केस पांढरे कसे झाले? आणि आईसाहेब कुठे आहेत?"

शाप सरला. मांत्रिकाला रस्त्यासाठी घेतलेली त्याची जमीन परत मिळाली, बंद पडलेला दरबार पुन्हा भरू लागला. पण ते सारे नंतर. त्या दुपारी राजाने मुलीला खरे ते सांगितले. ती मोठ्याने रडू लागली, आणि तिचा आवाज तीन वर्षांनी कानी पडताच राजाही रडला.