चिमाबाईंची अडलेली ओळ

प्रवरेच्या काठी, नदी जिथे काही कारण नसताना एक वळसा घेते, तिथे सोनखडकी नावाचे गाव आहे. या गावी दयानिधी महाराजांचे वास्तव्य होते. चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत ते राहत, सुंभाच्या बाजा विणून पोट भरत आणि मंगळवारच्या बाजारात वीणा घेऊन प्रभू येशूचे कीर्तन करत. देह किरकोळ, पण आवाज पार वेशीपर्यंत जाई. कीर्तन ऐकून चार-दोन माणसे पुढच्या रविवारी चर्चमध्ये डोकावत, आणि तिथून पंचाईत सुरू होई.

मंडळीत जुनी चाळीस घरे. त्यांचे मुख्य पंच शलमोन मास्तर चक्रनारायण. मास्तरांना दोनशे गीते पुस्तकाशिवाय येत. नवा माणूस गाताना चुकला, की ते मागे वळून नुसते बघत. बहुतेकांना तेवढे पुरत असे. ते पुन्हा येत नसत. दुसऱ्या बाजूला सुवार्ता समितीचे रत्नाकर मकासरे. ते दर रविवारी टेम्पो भरून माणसे आणत आणि पुढच्या रविवारी त्यांना ओळखत नसत, कारण तोवर दुसरा टेम्पो आलेला असे.

एकदा दोघेही भांडत महाराजांकडे आले. महाराज बाज विणत होते.

"महाराज, आधी आपली माणसं शास्त्रात पक्की होऊ द्या. मग बाहेरच्यांचं बघू," मास्तर म्हणाले.

"पक्की होऊन चाळीस वर्षं झाली, मास्तर. आता नुसती कडक व्हायची राहिलीत," मकासरे म्हणाले.

महाराजांनी सुंभ ओढून धरला. "बाज रुंद केली आणि वीण ढिली ठेवली, तर झोपणारा भुईला टेकतो. वीण घट्ट केली आणि बाज वीतभर ठेवली, तर झोपायचं कुणी?"

दोघांनाही हे दुसऱ्याबद्दल आहे असे वाटले, आणि दोघेही समाधानाने हसले.

मग महाराजांनी रीत घालून दिली. प्रत्येक जुन्याने एका नव्याला शेजारी बसवावे आणि दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना शिकावी. एका वेळी एकच ओळ. ती ओळ जगून पाहिल्याशिवाय पुढची घ्यायची नाही.

"जुन्यांनीसुद्धा?" मास्तरांनी विचारले.

"जुन्यांनी आधी," महाराज म्हणाले.

मास्तरांच्या वाट्याला आल्या चिमाबाई. बाजारात फुटाणे भाजणारी ही विधवा बाई. पहिल्या रविवारी त्यांनी उंबऱ्याला हात लावून कपाळी नेला, चर्चला एक प्रदक्षिणा घातली आणि दानाच्या थाळीत ओंजळभर गरम फुटाणे टाकले. थाळी धरणाऱ्याने ती चटका बसून खाली सोडली.

"बाई, इथं तसलं काही नसतं," मास्तर म्हणाले.

"मग कसलं असतं? ते सांगा की," चिमाबाईंनी विचारले. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मास्तरांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून त्यांनी तो उद्धटपणात धरला.

सात महिन्यांत चिमाबाई 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या भाकरीच्या ओळीपर्यंत पोहोचल्या आणि पुढे, 'आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हांला क्षमा कर' या क्षमेच्या ओळीशी अडल्या. नवरा गेल्यावर थोरली जाऊ कोंडाबाई हिने त्यांना घराबाहेर काढले होते, भाजायची लोखंडी कढईसुद्धा ठेवून घेतली होती.

"आमच्या नातवानं तिसऱ्या वर्षी अख्खी पाठ केली," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. "फुटाणेसुद्धा इतके हळू भाजत नाहीत हो!"

लोक हसले. चिमाबाईही हसल्या. "हळू न्हाई भाजलं तर कच्चं राहतंय, मास्तर."

मास्तरांनी मग पंचांची सभा भरवली आणि ठराव करून घेतला. हंगामाच्या सणाला चिमाबाईंनी सर्वांसमोर संपूर्ण प्रार्थना म्हणावी. जमली, तर त्यांच्यासह तोवर टिकलेल्या अकराही नव्या लोकांना प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, मेजावर जागा. नाही जमली, तर महाराजांची रीत बंद, आणि नव्या लोकांनी बारा प्रश्नांची परीक्षा पास होईतो व्हरांड्यात बसायचे. महाराजांनी ठराव ऐकला आणि म्हणाले, "व्हरांड्यात बाज लागली तर सांगा."

सणाचा रविवार उजाडला. वेदीपुढे भोपळे, ऊस, मक्याची कणसे आणि पाय बांधलेल्या तीन कोंबड्या मांडल्या होत्या. महाराज पहिल्या बाकाच्या टोकाला डोळे मिटून बसले होते. दीडशे माणसांनी त्यांना तिथे पाहिले. हे लक्षात असू द्या.

चिमाबाई उभ्या राहिल्या. एकेक ओळ त्या अशी म्हणत होत्या, की कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. भाकरीची ओळ झाली. त्या थांबल्या.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"पुढची म्हनवत न्हाई."

"येत नाही म्हणा ना!"

"येतीय. पाठ हाय. पर काल जावंच्या दारात गेले होते, तिनं तोंडावर दार लावलं. मन अजून कढतंय माझं. देवापुढं लबाड कसं बोलू?"

मागे बसलेल्या दहा नव्या माणसांनी माना खाली घातल्या. एकाने तर व्हरांड्यात सावली कुठवर येते तेही बघून घेतले.

मास्तर मंडळीकडे वळले. "सात महिने! आता मी म्हणून दाखवतो, म्हणजे कळेल किती सोपी आहे ते."

त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. भाकरीची ओळ झाली. क्षमेच्या ओळीसाठी तोंड उघडले, आणि काय आश्चर्य! आवाजच फुटेना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटले. पुन्हा तिथेच बंद. तिसऱ्यांदाही तेच.

"पाणी आणा," मास्तर म्हणाले, तेव्हा आवाज ठणठणीत होता. म्हणजे घसा पाण्याला चालत होता, ओळीला चालत नव्हता. मंडळीतल्या कंपाउंडरने चमचा घालून घसा तपासला आणि मान हलवली.

महाराजांनी डोळे उघडले. "मास्तर, घसा ठीक आहे. ओळ जड आहे. दाविदभाऊंना विचारा."

साऱ्या मंडळीच्या माना उजवीकडे वळल्या. मास्तरांचे धाकटे भाऊ दाविद तिकडच्या बाकावर बसले होते, एकोणीस वर्षांपासून तिकडेच बसत होते. बापाच्या मातीला दाविदने गीत दुसऱ्याच चालीत उचलले, तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. आजही डावी बाजू एका चालीत गाई आणि उजवी दुसऱ्या. नवी माणसे गाताना चुकत ती यामुळेच, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी हळू आवाजात विचारले, "चिमाबाई, तुम्ही इथे अडता तेव्हा काय करता?"

"काय करनार? तिथंच उभी राहते. देवाला म्हनते, मला जमंना, आता तूच बघ."

इतक्यात दार करकरले. दारात घामाघूम झालेली एक बाई उभी होती, डोक्यावर लोखंडी कढई. ती होती कोंडाबाई!

"चिमे, घे ही तुझी कढई," ती म्हणाली. "आन् कालचं मनात धरू नगंस."

"पर तू इथं कशी?"

"आत्ता एक म्हातारबाबा दारात आले. पांढरं धोतर, हातात सुंभाचं भेंडोळं. म्हनले, चर्चमदी चिमा अडून उभी हाय, जा लवकर. मी लुगडंसुद्धा न बदलता आले." एवढे बोलताना तिची नजर पहिल्या बाकावर गेली आणि ती मटकन खाली बसली. "हेच की ते!"

महाराज सकाळपासून त्या बाकावरून उठले नव्हते. कोंडाबाईचे घर तिथून अर्धा कोस. हे कसे घडले, असे पुढे अनेकांनी महाराजांना विचारले. महाराज म्हणत, "मी तर बसलो होतो. ज्याला जायचं होतं, तो गेला."

चिमाबाईंनी जावेचा हात धरला आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना क्षमेची ओळ म्हटली. म्हटली कसली, ती आपोआप निघाली.

मकासरे लगबगीने वही घेऊन पुढे आले. "बारावी!"

"नाव विचारलंत का?" महाराज म्हणाले. मकासऱ्यांनी वही मिटली आणि नाव विचारले.

शलमोन मास्तर मात्र मधली वाट ओलांडून उजवीकडे गेले होते. एकोणीस वर्षांत ती आठ पावले त्यांनी टाकली नव्हती. "दाविद," ते म्हणाले, "बाबांच्या गीताची तुझी चाल... कशी होती रे?"

 दाविदभाऊंनी सरकून बाकावर जागा केली.

मग मास्तर महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय चटकन आवरले. "इथे नको. तिकडे," त्यांनी मेजाकडे बोट दाखवले.

मेजापुढे चिमाबाई आधीच गुडघे टेकून होत्या, मागे दहाही नवी माणसे, आणि ठराव कुणालाच आठवत नव्हता. मास्तर त्यांच्या शेजारी जाऊन टेकले, कपाळ जमिनीला लावले आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले, "बाई, मला पहिल्या ओळीपासून घ्या. आणि घाई करू नका."