सावरपाड्याचं यंत्र

"मॅडम, तुम्ही सत्काराला का आला नाहीत?"

निनाद रेगेने बसायच्या आधीच विचारलं. कुमुद टिपणीस नाशिकच्या आपल्या घरी मेथी निवडत होत्या. कॉलेज सुटून वर्षं झाली, तरी त्याच्यासाठी त्या मॅडमच होत्या.

त्यांच्या हाताखाली शिकताना त्याने त्यांच्याबरोबर एक प्रणाली लिहिली होती. गावातले छोटे संगणक हवे तसे एकमेकांना जोडायचे. जमेल ते काम जागच्या जागी उरकायचं, न जमणारं तेवढंच शहरातल्या मोठ्या केंद्राकडे पाठवायचं. रिकामं यंत्र झोपवून ठेवायचं. वीज इतकी कमी लागे की सौर पॅनेलवर भागायचं. कोणीही घ्यावी, कोणीही बदलावी, म्हणून बाईंनी ती सगळ्यांसाठी खुली ठेवली होती.

पुढे निनादने ती बदलली. सगळंच काम मोठ्या केंद्राकडे वळवलं. सत्कार त्याचाच झाला.

"सावरपाड्याला काय झालं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

डोंगरातल्या त्या पाड्याच्या आरोग्य केंद्रात याच प्रणालीवर चालणारं यंत्र हृदयाचा आलेख वाचून धोका सांगायचं.

"तुमच्या कानावर आलंय तर... रेंज गेली होती, मॅडम. त्या पेशंटचा आलेख आमच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यात आमची काय..."

"तिथे रेंज नसतेच, निनाद. म्हणून तर आपण ते लिहिलं होतं."

"पण सगळं एका जागी केलं की एकूण वीज वाचते. बघा तरी!" केंद्राचे आकडे दाखवायला त्याने टॅबलेट बाईंच्या घरच्या वाय-फायला जोडला आणि पुढे सरकवला. "एखाद्या ठिकाणी असं होणारच. एक माणूस गेला म्हणून सगळं..."

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या राउटरची वायर त्यांनी उपटली.

पडद्यावर गोल चकती फिरू लागली.

हॉटस्पॉट लावायला निनादचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बघत बस."

चकती फिरत राहिली. बाहेर कोणी तरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. निनादने कपाळ पुसलं. बाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

"मॅडम... किती वेळ बसायचं असं?"

"त्या माणसाचा हात धरून तिथली नर्स बसली होती, तेवढा."