सरपणातली सगुणा

एका डोंगरी गावात एक माळी आणि त्याची माळीण राहत. गाव कसलं, नुसते दगड! पण माणसं फुलवेडी. दर वर्षी नव्याने पेरावं लागेल असलं फूल त्यांना नकोच असे. खडकाच्या फटीत एकदा लावलं की वर्षानुवर्षं आपलं आपण उगवून फुलेल, असं हवं. म्हणून तिथले माळी पिसाने एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावत आणि नवनव्या जाती तयार करत.

गावाचा एक दंडक होता. नवं फूल जमिनीपर्यंत वाळून दोनदा परत आलं, तरच त्याचं बारसं होई. तोवर ते बिननावाचं.

या दोघांनी बारा वर्षं खपून एक गर्द निळं फूल तयार केलं. त्यांची एकुलती लेक सगुणा लहानपणीच गेली होती. "फुलाला तिचंच नाव द्यायचं," माळीण म्हणे. "निदान हाक तरी मारता येईल."

देवळापुढच्या दगडी बांधावर त्यांनी बारा रोपं लावली. ती फुलली, सगळा गाव बघून गेला. हिवाळ्यात ती वाळली. वाळणारच होती.

ज्येष्ठ आला. इतरांच्या ताटव्यांना कोंब फुटले, यांचे खुंट मात्र काळे ठिक्कर. माळीण दर ज्येष्ठात जत्रेसाठी माहेरी जाई. निघताना ती म्हणाली, "ही उशिरा उठणारी जात आहे. हात लावू नका हं."

पण माळ्याला धीर कुठला? आठ दिवस त्याने वाट पाहिली. नवव्या रात्री, गाव निजल्यावर, बाराही खुंट उपटून सरपणात टाकले, आणि परसात बियांपासून वाढवलेली रोपं त्या जागी लावून मोकळा झाला. माळीण परतली ती हरखलीच. "आली बघा माझी पोर!" माळी तिचं गाठोडं उचलून घराकडे निघाला.

पुढच्या ज्येष्ठातही त्याने तेच केलं.

भाद्रपदात बारसं ठरलं. बांधाजवळ पाळणा टांगला, घुगऱ्या वाटल्या, ढोल वाजू लागला. नाव ठेवण्याआधी गावातली सगळ्यांत म्हातारी माळीण एका रोपाचं मूळ बघत असे. तिने माती बाजूला केली आणि तिचा हात तिथेच थबकला.

"अगं बाई! तीन वर्षांचं मूळ अंगठ्याएवढं हवं. हे तर दोऱ्यासारखं! ही यंदाची रोपं आहेत."

ढोल थांबला. घुगऱ्यांची मूठ कुणाच्या तोंडापर्यंत गेली नाही.

"माझी झाडं कुठायत?" माळिणीने नवऱ्याला विचारलं.

"मेली होती गं. मी सरपणात टाकली. दोन्ही वर्षांची."

ती धावत सुटली. मागे अख्खा गाव. न्हाणीच्या चुलीजवळच्या ढिगात तिने हात घातला. काटक्या निघाल्या, गोवऱ्या निघाल्या आणि तळाशी एकच खुंट. त्याला बोटभर पांढरट कोंब फुटला होता. माती नाही, पाणी नाही, ऊन नाही, तरी फुटला होता!

माळ्याने चुलीतल्या राखेकडे पाहिलं. "म्हणजे बाकीचे तेवीस..."

"जिवंत होते रे," म्हातारी म्हणाली. "निजले होते."

"आणि मी त्यांच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं!"

माळीण रडलीसुद्धा नाही. तिने तो खुंट पदरात घेतला आणि बांधाकडे चालू लागली. ते त्याला सोसवेना.

पाळणा सोडून ठेवला. म्हातारीने तो एकुलता खुंट बांधावर लावला आणि म्हणाली, "मोजणी आजपासून."

पुढचा ज्येष्ठ आला. खुंट पुन्हा काळा ठिक्कर. माळीण जत्रेला निघाली. या वेळी तिने काहीच बजावलं नाही. माळी रोज त्या खुंटापुढे हात काखेत दाबून बसे. हात शिवशिवत, पण तो हलला नाही. एकविसाव्या दिवशी मातीतून हिरवं टोक वर आलं, आणि तो बांधावरच हमसाहमशी रडला.

त्याच्या पुढच्या वर्षीही टोक वर आलं. पाळणा पुन्हा टांगला गेला. माळिणीने फुलावर वाकून हाक मारली, "सगुणा!"

तात्पर्य काय, तर जे आपल्या वेळेने परत येणार आहे, त्याची जागा घाईने भरू नये.